माटुंग्याचे इंजिन आणि मँचेस्टरची बाटली : मैल्याच्या गाळाचा इतिहास

१. जगातील पहिला बायोगॅस प्रकल्प १८५९ साली मुंबईतील महारोग्यांच्या आश्रमात उभा राहिला, असे विधान पाठ्यपुस्तकांत, शोधनिबंधांत आणि समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. विधान अभिमान वाटावा असे आहे. मात्र त्यातील साल टिकत नाही. ज्या माटुंग्याच्या आश्रमाशी ही कथा जोडली जाते, तो सुरूच झाला १८९० मध्ये. मग तेथे नेमके काय घडले होते, आणि ते महत्त्वाचे का ठरते? त्याविषयी हा धागा.

२. या आश्रमाचे संस्थापक होते मुंबईचे तत्कालीन पालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ. मराठी वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. त्यांचा आश्रम आज वडाळ्यात अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखला जातो.

३. आश्रमातील मैलापाणी बंद टाक्यांत साठवले जाई. तेथे ते कुजताना निघणारा ज्वलनशील वायू गोळा करून त्यावर गॅस इंजिन चालवण्यात आले. या प्रयोगाचे साल सामान्यतः १८९७ दिले जाते. मुंबई पालिकेचे ड्रेनेज अभियंता सी. कार्केट जेम्स यांनी पौर्वात्य शहरांच्या मलनिस्सारणावर जो ग्रंथ लिहिला, तोही याच काळातील अनुभवातून. म्हणजे कथा खरी आहे. ती फक्त सुमारे चार दशकांनी मागे ढकलली गेली.

४. चार दशकांचा हा फरक किरकोळ नाही. १८५९ मध्ये मैला कुजवणारे सूक्ष्मजीव असतात, हेच शास्त्राला नीट ठाऊक नव्हते. हवेवाचून जगणारे जीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये मांडले आणि त्यानंतर वायुजीवी व अवायुजीवी हे दोन शब्द रूढ केले. मैल्यावरील प्रक्रियेचा पुढचा सारा इतिहास या दोन शब्दांभोवती फिरतो.

५. दोन्हींतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. वायुजीवी जीवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने मैला खातात. त्यांना त्यातून भरपूर ऊर्जा मिळते, म्हणून ते झपाट्याने वाढतात. मैल्याचा काही भाग कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन जातो, आणि बराचसा भाग नव्या जीवाणूंच्या देहात रूपांतरित होतो. पाणी स्वच्छ होते, पण जीवाणूंचा गाळ उरतो.

६. अवायुजीवी मार्गात ऑक्सिजन नसतो. एका गटाचे जीवाणू मैल्याचे विघटन करून आम्ले बनवतात. दुसऱ्या गटाचे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. मैल्यातील बहुतेक ऊर्जा मिथेनमध्येच शिल्लक राहते, त्यामुळे या जीवांच्या वाट्याला फार थोडी येते. ते सावकाश वाढतात, थंडीत मंदावतात, आम्ल वाढले तर कामच थांबवतात. गाळ मात्र कमी निघतो आणि इंधन हाती येते.

७. थोडक्यात, पहिल्या मार्गाला हवा पुरवावी लागते, म्हणजे वीज लागते. दुसऱ्या मार्गाला वेळ व ऊब द्यावी लागते. कोणत्या शहराला यांपैकी काय परवडले, यावर त्या शहराची निवड ठरली.

८. प्रश्न निर्माण झाला तो एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरांत. फ्लशची शौचकुपे आणि भूमिगत गटारे आली, आणि पूर्वी शेतात जाणारा मैला नदीत जाऊ लागला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेला कामकाज करणे अशक्य झाले. जोसेफ बॅझलगेट यांनी प्रचंड गटारे बांधून मैला शहराखाली नेऊन सोडला. तेथे नदी बिघडू लागली, तेव्हा मैला निवळवून खाली बसलेला गाळ वेगळा काढण्यात आला; आणि १८८७ पासून तो जहाजांत भरून समुद्रात टाकला जाऊ लागला.

९. गाळ आपोआप नाहीसा करणारी एखादी टाकी सापडावी, ही त्या काळाची मोठी आशा होती. फ्रान्समधील वेसूल येथील लुई मुरास यांच्या बंद टाकीची हकीकत १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटर शहराचे अभियंता डोनल्ड कॅमेरॉन यांनी अशीच टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. आज महाराष्ट्रातील खेडोपाडी रुळलेला हा शब्द तिथून आला.

१०. माटुंग्याच्या टाक्या याच पिढीतल्या. काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रकटला, आणि प्रशासनाची नजर प्रथम गटारांकडे वळली. गटारे धुण्याची मोहीम जोरात चालली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पुढे सिद्ध व्हायचे होते. मैल्याची भीती शहरावर पसरलेली असताना शहराच्या कडेला, समाजाने दूर सारलेल्या रुग्णांच्या आश्रमात, त्याच मैल्यातून उपयुक्त शक्ती काढली जात होती.

११. एक्सिटरपेक्षा माटुंग्याला एक नैसर्गिक लाभ होता, तो म्हणजे हवामान. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उत्तम काम करतात. मुंबईच्या टाकीला ही ऊब जवळजवळ फुकट मिळते. इंग्लंडच्या हिवाळ्यात ती विकत घ्यावी लागते. हा मुद्दा पुढे शंभर वर्षांनी पुन्हा महत्त्वाचा ठरला.

१२. सेप्टिक टँकविषयीची आशा मात्र फार काळ टिकली नाही. १८९८ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश शाही आयोगाने १९०८ च्या अहवालात स्पष्ट केले, की टाकीत सर्व घन पदार्थ पचत नाहीत, गाळ उरतोच. शिवाय खालच्या गाळातून उठणारे वायूचे बुडबुडे तो गाळ वर उचलून पाण्यात मिसळतात. एकाच टाकीत निवळणे आणि कुजणे ही दोन कामे एकमेकांच्या आड येत होती.

१३. त्यावर तोडगा काढला जर्मनीतील एम्शर नदीच्या खोऱ्यात. कोळसा व पोलाद यांच्या या प्रदेशात नदी अक्षरशः गटार झाली होती. अभियंता कार्ल इमहोफ यांनी १९०६ च्या सुमारास दुमजली टाकी रचली. वरच्या कप्प्यात पाणी निवळते. गाळ फटीतून खालच्या कप्प्यात घसरतो आणि तेथे शांतपणे कुजतो. वायू बाजूने निघून जातो. 'इमहोफ टँक' जगभर गेला. पाण्याची प्रक्रिया आणि गाळाची प्रक्रिया ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्याने अभियंत्यांना शिकवले.

१४. दरम्यान हवेच्या मार्गानेही प्रगती चालली होती. मैलापाणी वाळूतून व खडीतून थांबून थांबून झिरपू दिले, तर ते स्वच्छ होते, हे एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८७० च्या सुमारास दाखवले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स येथे १८८७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगकेंद्राने त्यामागील जीवाणूंचे कार्य उलगडले. अडचण जागेची होती. दाट वस्तीच्या शहरांना खडीचे इतके विस्तीर्ण थर घालणे परवडत नव्हते.

१५. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये लॉरेन्सला गेले. तेथे बाटल्यांतील मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग चालू होते. परतल्यावर त्यांनी ही कल्पना डेव्हीह्यूम येथील मलशुद्धीकरण केंद्रात काम करणाऱ्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना सांगितली.

१६. आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीत मैलापाणी घेऊन त्यात हवा सोडली. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. व्यवहारात हा काळ निरुपयोगी होता. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे स्वच्छ पाणी ओतून दिले, तळाचा गाळ मात्र बाटलीतच ठेवला आणि त्यावर नवे मैलापाणी घातले. दर खेपेस गाळ वाढत गेला आणि वेळ घटत गेला. अखेरीस तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले.

१७. तोवर सारे जग गाळाला टाकाऊ मानत होते. या दोघांनी दाखवले, की गाळ हाच कामगार आहे. तो म्हणजे जिवंत जीवाणूंची वसाहत. दह्याच्या विरजणासारखा तो राखून ठेवायचा असतो. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी त्याला 'सक्रिय गाळ' असे नाव दिले. महायुद्ध तोंडावर असूनही ही पद्धत अल्पावधीत इंग्लंड-अमेरिकेतील शहरांनी स्वीकारली. आजही जगातील मोठ्या शहरांत तिचीच निरनिराळी रूपे चालतात.

१८. या विजयाची किंमतही होती. एक तर हवा फुंकण्यासाठी अखंड वीज लागते. अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी वीज केवळ या कामावर खर्च होते. दुसरे म्हणजे जीवाणू वाढतच राहतात, म्हणून जास्तीचा गाळ रोज काढावा लागतो. तो सुमारे ९९ टक्के पाणीच असतो. घन भाग १ टक्क्यावरून ४ टक्क्यांवर आणला, तरी गाळाचे आकारमान एक चतुर्थांश होते. पण हा गाळ पाणी सहजासहजी सोडत नाही.

१९. त्यामुळे ज्या मँचेस्टरने पाणी शुद्ध करण्याची आधुनिक रीत जगाला दिली, तेच मँचेस्टर आपला गाळ जहाजाने आयरिश समुद्रात टाकत राहिले. युरोपीय नियमांमुळे ब्रिटनमध्ये ही प्रथा १९९८ च्या अखेरीस बंद झाली. अमेरिकेतील मिल्वॉकी शहराने वेगळी वाट धरली. १९२६ पासून ते वाळवलेला सक्रिय गाळ 'मिलॉर्गनाइट' या नावाने खत म्हणून विकत आहे.

२०. तिसरी वाट सर्वांत फलदायी ठरली. हवेने पाणी शुद्ध करायचे आणि उरलेला गाळ बंद, उबदार टाकीत हवेवाचून पचवायचा. १९२० च्या दशकात बर्मिंगहॅमने अशा टाक्यांतील वायूवर इंजिने चालवली. ३५ अंशांच्या आसपास, साधारण १५ ते ३० दिवसांत गाळातील सेंद्रिय भागापैकी निम्म्याच्या जवळपास भाग वायुरूप होतो. त्या वायूत ६० ते ६५ टक्के मिथेन असते. माटुंग्याचे इंजिन आणि मँचेस्टरची बाटली येथे एकत्र आली.

२१. गाळसुद्धा हवेनेच पचवण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेतील लहान केंद्रांत, पसरली. उघड्या टाकीत गाळाला १० ते २० दिवस हवा देत राहायचे. अन्न संपले की जीवाणू स्वतःचाच साठा वापरून क्षीण होतात. टाकी स्वस्त, दुर्गंधी कमी, स्फोटाचे भय नाही, आणि वर उरणारे पाणीही तुलनेने स्वच्छ. उलट बाजूस वीजखर्च सतत चालू, हाती इंधन काहीच नाही, आणि पचलेल्या गाळातून पाणी काढणे अधिक कठीण. म्हणून लहान गावाला जे सोयीचे, ते महानगराला महाग पडते.

२२. या इतिहासाचा एक धागा भारतात परत येतो. गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. सक्रिय गाळाचे तत्त्व त्यांनी घन कचऱ्याला लावून पाहिले. त्यांच्या कामाची दखल अल्बर्ट हॉवर्ड यांनी घेतली. होळकरांच्या इंदूरमध्ये १९२४ नंतर हॉवर्ड यांनी शेतीसंशोधन संस्था उभारली होती. तेथील कंपोस्ट पद्धतीवरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासह यशवंत वाड यांचे नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीचा पाया मानल्या गेलेल्या या ग्रंथाच्या मराठी सहलेखकाचे स्मरण आज क्वचितच केले जाते.

२३. इंदूर पद्धत वायुजीवी आहे. काडीकचरा, शेण, माती व राख यांचा ढीग रचून तो ठरावीक अंतराने उलथायचा, की आत हवा खेळते आणि तीन महिन्यांत खत तयार होते. उलथण्याला मजूर लागतात. आणि कचऱ्यात माणसाचा मैला असेल तर ते काम कोणाच्या माथी येते, हे भारतात सांगावे लागत नाही. १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बसवलेल्या बंगळूर पद्धतीत कचरा व मैला यांचे थर खड्ड्यात घालून वरून मातीने लिंपतात आणि चार ते सहा महिने हात लावत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस सोडले, तर ती अवायुजीवी ठरते. वेळ अधिक लागतो, पण मैल्याशी येणारा माणसाचा संबंध घटतो.

२४. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधील वाखनिंगनचे संशोधक खात्सा लेटिंगा यांनी अवायुजीवी पद्धतीला नवे रूप दिले. टाकीच्या तळाशी अवायुजीवी गाळाची दाट गादी राखायची आणि मैलापाणी खालून वर तिच्यातून सोडायचे. मँचेस्टरचाच धडा, गाळ राखून ठेवा, हवेवाचून गिरवलेला. थंड युरोपात तो मुख्यतः कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी वापरला गेला. शहरी मैलापाण्यासाठी ऊब हवी होती. ती कानपुरात होती. गंगा कृती योजनेत डच सहकार्याने जाजमऊ येथे दररोज ५० लाख लिटरचे केंद्र १९८९ मध्ये सुरू झाले.

२५. वीज नसली तरी चालणारे केंद्र, ही भारनियमनाच्या काळातील मोठीच गोष्ट होती. मर्यादाही दिसून आल्या. ही पद्धत मैल्याचा मोठा भाग काढते, पण पाणी नदीत सोडण्याइतके शुद्ध करत नाही. पुढे तळी किंवा हवेची प्रक्रिया जोडावीच लागते. निकष कडक झाले, तशी अनेक शहरे पुन्हा हवेकडे वळली. म्हणजे प्रश्न पुन्हा तेथेच आला: हवेसाठी वीज आणि उरलेला गाळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागांत दररोज सुमारे ७,२३,६८० लाख लिटर सांडपाणी निर्माण होते, आणि उभारलेली शुद्धीकरणक्षमता त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

२६. या निम्म्याबाहेरच्या भारतात आजही मोठा आधार आहे तो कॅमेरॉन यांच्या टाकीचा. तिच्यात मिथेन तयार होते, त्यासोबत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही. माटुंग्यात तो वायू नळीने बाहेर काढून कामाला लावला गेला. आपल्या इमारतींखाली तो तसाच कोंडलेला असतो. आणि टाकी उपसण्यासाठी माणूस आत उतरवला, की क्षणार्धात जीव घेतो. २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून माणसाला टाकीत वा गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यावरून मृत्यू थांबलेले नाहीत हे उघड आहे.

२७. म्हणून वायुजीवी श्रेष्ठ की अवायुजीवी, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाणी लवकर व पुरते शुद्ध करायचे तर हवा हवी. गाळ कमी करून इंधन मिळवायचे तर हवा वगळणे हिताचे. शहाण्या शहरांनी दोन्हींचा क्रम लावला. परंतु दोहोंपैकी कोणतीही पद्धत गाळ शून्यावर आणत नाही. जो उरतो तो समुद्रात जातो, शेतात जातो, किंवा कोणाच्या तरी हातांनी उपसला जातो. पद्धत निवडताना हा शेवटचा मुक्काम आधी ठरवावा लागतो, आणि बहुतेक शहरांनी तो सर्वांत शेवटी ठरवला.

२८. माटुंग्याच्या प्रयोगाला १८५९ या सालाची गरज नाही. १८९० च्या दशकात, प्लेगने हादरलेल्या शहराच्या कडेला, बहिष्कृतांच्या आश्रमातील मैल्याचे काय होते याकडे कोणीतरी लक्ष दिले, टाकी बंद केली आणि तिच्यातील वायूला वाट करून दिली. सव्वाशे वर्षांनंतर त्याच शहरात, त्याच वायूने माणसे गुदमरत असतील, तर 'पहिला कोण' यापेक्षा तो धडा विसरला कसा गेला, हे शोधणे इतिहासाचे अधिक निकडीचे काम आहे.

(धागा समाप्त)